पहिला घोट जितका उशिरा, तितकं बरं : वयात येणाऱ्या मुलांच्या आईबाबांसाठी

"आम्ही त्याचा मोबाइल रोज तपासायचो हो." समोर बसलेल्या बाबांनी हे वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं. त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा आठ महिने दर शनिवारी एका मित्राच्या घरी दारू पीत होता. बाबांच्या फोनवर मुलाचा ठावठिकाणा दाखवणारा निळा ठिपका होता आणि तो ठिपका कधीच खोटं बोलला नव्हता. मुलगा "मित्राकडे अभ्यासाला जातो" म्हणायचा आणि ठिपका बरोब्बर मित्राच्याच घरावर जाऊन थांबायचा. घरात काय चाललंय, ते ठिपक्याला कुठून कळणार?

या वयाच्या मुलांशी आणि त्यांच्या आईबाबांशी बोलणं हे माझं कामच आहे, त्यामुळे असे पालक मला नेहमी भेटतात. काळजी भरपूर, पाळत चोख आणि तरीही सगळ्यात शेवटी कळतं ते त्यांनाच. स्वीडनमध्ये काम करणारे हाकन स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी २००० साली चौदा वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात याचं उत्तर सापडतं. मुलं कुठे जातात, कोणाबरोबर असतात हे ज्या पालकांना ठाऊक असतं त्यांची मुलं कमी भरकटतात, एवढं आधीपासून माहीत होतं. या दोघांनी पुढचा प्रश्न विचारला : पालकांना हे ठाऊक होतं ते कसं? तर बहुतेक वेळा मुलं आपणहून सांगतात म्हणून. चौकश्या आणि बंधनं यांतून हाती लागणारी माहिती त्यामानाने थोडीच होती.

म्हणून खाली ज्या पायऱ्या दिल्या आहेत त्या सगळ्यांमागे एकच हिशेब आहे. नियम ठाम असावेत, पण नियम मोडलेल्या रात्रीही मुलाने पहिला फोन तुम्हालाच करावा.

सुरुवात : कशासाठी लढायचं ते ठरवा

"माझ्या मुलाने आयुष्यात कधी दारूला हात लावू नये" हे ध्येय ज्याचं त्याने ठरवावं. या वयातलं खरं काम मात्र आहे लांबवण्याचं. माणसाचा मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यातही कपाळामागचा भाग, म्हणजे थांब म्हणणारा, परिणामांचा विचार करणारा, सगळ्यात शेवटी पक्का होतो. मजा आणि बक्षीस शोधणारी यंत्रणा मात्र तेरा-चौदाव्या वर्षीच जोरात धावू लागते. गाडीला वेग आधी आणि ब्रेक नंतर, असा हा मामला.

१९९० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत, ज्यांनी चौदाव्या वर्षी किंवा त्याआधी प्यायला सुरुवात केली होती त्यांच्यातल्या ४० टक्क्यांहून अधिक लोकांना पुढे कधी ना कधी दारूचं व्यसन जडलेलं आढळलं. विशीत किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. हा सगळा फरक केवळ वयामुळे पडतो असं नाही. घरचे ताण, स्वभाव, आनुवंशिकता यांमुळेही काही मुलं लवकर सुरुवात करतात. तरी एकेक वर्ष पुढे ढकलणं ही कमाई आहे. निकोटीन आणि गांजा यांनाही हेच लागू आहे. वेप, म्हणजे ई-सिगारेट, हातात खेळण्यासारखा दिसतो, पण त्यातलं निकोटीन कोवळ्या मेंदूला फार पटकन पकडतं.

पहिली पायरी : आधी स्वतःचं घर

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मुलांना फार लवकर दिसतं. तुम्ही दारू पिता की नाही, यापेक्षा कशासाठी पिता हे ते टिपत असतात. "आज डोकं फिरलंय, एक पेग हवाच" हे वाक्य दहा वर्षांच्या मुलासमोर म्हणणं म्हणजे ताणावरचं औषध काय, ते त्याला शिकवणंच. पीत असाल तर प्रमाणात प्या, गाडी चालवायची असेल तेव्हा अजिबात पिऊ नका आणि आपल्या पिण्याचे किस्से रंगवून सांगू नका. मुलाला बाटली किंवा सिगारेटचं पाकीट आणायला पाठवू नका. साधी गोष्ट वाटते, पण कित्येक घरांत पहिली ओळख अशीच होते.

मग औषधांचं कपाट उघडा. खरंच उघडा, आज संध्याकाळी. एका आईने माझ्या सांगण्यावरून हे केलं तेव्हा तिला आजोबांच्या ऑपरेशननंतर उरलेल्या वेदनाशामक गोळ्यांची पट्टी सापडली, दोन वर्षांपूर्वीची. पट्टीवर दहा घरं होती, त्यातली सहा फुटलेली. आजोबांनी तर दोनच घेतल्या होत्या. बाकीच्या चार कोणी घेतल्या हे त्या घरात कधीच कळलं नाही, पण त्या दिवसापासून कपाटाला कुलूप आलं.

ज्यांवर लक्ष हवं ती औषधं अशी : अफूवर्गीय वेदनाशामकं, झोपेच्या आणि चिंता कमी करणाऱ्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, एकाग्रतेसाठी दिली जाणारी उत्तेजक औषधं. मोजून ठेवा, कुलपात ठेवा, उरलेली औषधाच्या दुकानात विचारून नीट नष्ट करा. "डॉक्टरांनीच दिलेलं आहे, म्हणजे सुरक्षित" असं मुलांना मनापासून वाटतं, म्हणून हा धोका दारूपेक्षा जास्त लपलेला असतो. गोंद, थिनर, स्प्रेचे डबे हुंगण्याचा प्रकार त्याहून लहान वयात होतो आणि त्यात पहिल्याच वेळेला हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. मूल असं काही हुंगताना दिसलं तर आरडाओरडा करू नका, मागे धावू नका. घाबरून किंवा पळून हृदयावर जो ताण येतो तोच अशा वेळी घातक ठरतो. शांतपणे मोकळ्या हवेत न्या आणि डॉक्टरांना गाठा.

घराण्यात व्यसनाचा इतिहास असेल तर तो झाकून ठेवू नका. दारूचं व्यसन जडण्याच्या शक्यतेत सुमारे निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. "काका आजारी होते" याऐवजी "काकांना दारूचं व्यसन होतं, आणि आपल्या घरातल्यांना ते इतरांपेक्षा लवकर लागू शकतं, म्हणून तुला जास्त जपायला हवं" असं बारा-तेराव्या वर्षी सरळ सांगा. मधुमेहाबद्दल सांगतो ना, तसंच.

दुसरी पायरी : भाषण नको, बोलणं हवं

लॉस एंजेलिसमध्ये १९८३ साली डेअर नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पोलीस वर्गात येऊन मुलांना अमली पदार्थांचे धोके सांगायचे. तो अमेरिकाभर पसरला, गाजला, आणि जेव्हा त्याचं नीट मूल्यमापन झालं तेव्हा त्या मूळ कार्यक्रमाचा मुलांच्या वागण्यावर जवळजवळ काहीच परिणाम झाला नव्हता असं दिसलं. भीती घालणं हे कानांना पटतं, वागण्यात उतरत नाही. "एकदा ओढलीस की संपलास" म्हणाल, आणि मुलाने एकदा ओढून संपला नाही, की तुमच्या बाकीच्या सगळ्या बोलण्यावरचा त्याचा विश्वास संपतो.

सुरुवात नऊ-दहाव्या वर्षी करा. तेव्हा मूल अजून तुमचं ऐकतं, आणि विषय अजून तापलेला नसतो. पडद्यावर कोणी झिंगलेला दिसला की विचारा, "याला काय झालं असेल? घरी कसा जाणार हा?" दोन मिनिटं बोला, विषय सोडा. वर्षभरात असे वीस-पंचवीस तुकडे होतात आणि ते एका दीड तासाच्या गंभीर बैठकीपेक्षा भारी पडतात. त्या बैठकीचं काय होतं ते मी पाहिलंय : आईबाबा सोफ्यावर, मूल समोर, टीव्ही बंद. मुलाला वाटतं खटला चालू झाला.

समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी असताना बोला. गाडीत, चालताना, भांडी पुसताना. नजर भिडवावी लागत नाही, हात कामात असतात आणि गप्प राहिलं तरी अवघड वाटत नाही. प्रश्न विचारताना त्याच्याबद्दल विचारू नका, त्याच्या आजूबाजूबद्दल विचारा. एका आईने मला सांगितलेला संवाद जवळजवळ तसाच देते :

"तुमच्या वर्गात वेप ओढतात का रे कोणी?"

"ओढतात काहीजण."

"बरं. कुठे?"

"टॉयलेटमध्ये. आई, तू आता शाळेत फोन करणार का?"

"नाही. मला फक्त जाणून घ्यायचंय. तुला कोणी विचारलं होतं का?"

इथे ती थांबली. मुलगाही बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "एकदा." शाळेला फोन न करण्याचा तिचा शब्द तिने पाळला, म्हणूनच पुढच्या वर्षी त्याने तिला दुसरी, याहून मोठी गोष्ट सांगितली. मुलाने काही सांगितल्यावर पहिल्या दहा सेकंदांत तुमचा चेहरा कसा होतो, त्यावर पुढचं सांगणं ठरतं. या दहा सेकंदांचा सराव करा, आरशासमोर करा हवं तर.

एक अवघड प्रश्न हमखास येतो : "बाबा, तुम्ही कॉलेजात प्यायचा का?" खोटं बोलू नका, रंगवूही नका. "प्यायचो. त्यातल्या दोन वेळा मी मूर्खपणा केला, नशिबाने वाचलो. तुझ्या बाबतीत मला नशिबावर सोडायचं नाही." एवढं पुरे.

तिसरी पायरी : नियम, आणि 'घरीच थोडी चव' हा गैरसमज

"बाहेर चोरून पिण्यापेक्षा आमच्यासमोर घोटभर घेऊ दे, म्हणजे अप्रूप राहणार नाही." हा युक्तिवाद मी सुशिक्षित, समंजस लोकांकडून ऐकलाय, आणि ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो. ऑस्ट्रेलियात १९०० हून जास्त मुलांचा सहा वर्षं पाठपुरावा करून हीच गोष्ट तपासली गेली. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. पालकांनी दारू दिल्यामुळे मुलं वाचतात याचा काहीही पुरावा मिळाला नाही. उलट पालकांनी दिलेल्या मुलांना पुढे इतरांकडूनही दारू मिळण्याची शक्यता वाढलेली दिसली, आणि न देणाऱ्यांच्या तुलनेत एका बैठकीत भरपूर पिणं, पिण्यामुळे इजा होणं हेही जास्त आढळलं. मुलाच्या कानाला "घोटभर" ऐकू येत नाही, "चालतं" एवढंच ऐकू येतं.

तेव्हा नियम स्पष्ट असू द्या. "नीट वाग" हा नियम नव्हे. "कायद्याने परवानगी असलेल्या वयापर्यंत दारू नाही, सिगारेट-वेप-गांजा नाही; पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या मागे बसायचं नाही; जिथे मोठं माणूस घरात नाही अशा पार्टीला जायचं नाही; जागा बदलली तर कळवायचं." चार ओळी, बस. नियम ठरवताना मुलाला सामील करा, घरी परतण्याच्या वेळेवर घासाघीस होऊ द्या, पण पहिल्या दोन ओळींवर नको.

शिक्षा काय ते आधीच ठरवा, रागाच्या भरात ठरवू नका. दोन आठवडे संध्याकाळी बाहेर जाणं बंद, ही शिक्षा पाळता येते. "वर्षभर मोबाइल मिळणार नाही" ही तिसऱ्या दिवशी मोडते, आणि मग नियमही मोडतो. आईने ठरवायचं आणि बाबांनी गुपचूप सूट द्यायची, किंवा उलट, हा प्रकार बहुतेक घरांत असतो. त्याचा फायदा फक्त मुलालाच होतो, आणि तोही चार दिवसांचा.

चौथी पायरी : सुटायची वाट आधीच बांधून द्या

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि हीच बहुतेक पालक गाळतात.

लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ साली एका प्रयोगात मुलांना आणि मोठ्यांना गाडी चालवण्याचा संगणकी खेळ खेळायला दिला, कधी एकट्याने, कधी मित्र बघत असताना. मित्र शेजारी असले की किशोरवयीन मुलं बरेच जास्त धोके पत्करायची. मोठ्यांवर मात्र मित्र असण्या-नसण्याचा फारसा परिणाम होत नव्हता. म्हणजे तुमच्यासमोर बसून "मी नाहीच म्हणेन" असं सांगणारं मूल खोटं बोलत नसतं. ते फक्त चार मित्रांच्या घोळक्यातलं स्वतःला ओळखत नसतं.

म्हणून 'नाही' म्हणण्याची धमक दे, असं म्हणून भागत नाही. 'नाही' म्हणायचे शब्द द्यावे लागतात. घरी बसून तालीम करा. "मला उद्या सकाळी प्रॅक्टिस आहे." "आमच्या आईला वासावरून लगेच कळतं, घरात राडा होईल." दुसऱ्या वाक्यात खलनायक तुम्ही आहात, आणि ते तुम्ही खुशीने व्हा. हातात भरलेला ग्लास असला, मग तो साध्या पाण्याचा का असेना, की दुसरा कोणी देत नाही, ही युक्तीही सांगा.

आणि एक खुणेचा शब्द ठरवा. मुलाने तो मेसेज केला की तुम्ही पाच मिनिटांत फोन करायचा आणि जरा कडक आवाजात म्हणायचं, "ताबडतोब घरी ये, मी घ्यायला येतेय." मित्रांसमोर त्याची अब्रू शाबूत राहते. करार असा की त्या रात्री एकही प्रश्न नाही.

हा करार पाळणं किती जड जातं, ते एका बाबांनी मला सांगितलं. रात्री साडेअकराला मुलीचा मेसेज आला, फक्त एक शब्द, "छत्री". आकाश स्वच्छ होतं. ते गेले. ती गाडीत बसली, तिच्या कपड्यांना धुराचा वास येत होता. पंचवीस मिनिटांच्या रस्त्यात त्यांनी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. घराच्या दारात मुलगी म्हणाली, "बाबा, विचारा ना." ते म्हणाले, "उद्या. आत्ता झोप." दुसऱ्या दिवशी दुपारी तिने स्वतःच सगळं सांगितलं, तिने काय केलं होतं तेही. शिक्षा झाली का? झाली. नियम मोडला होता. पण फोन केल्याबद्दल झाली नाही, आणि हा फरक त्यांनी तिला शब्दांत सांगितला.

पाचवी पायरी : बाकीच्या आईबाबांना गाठा

आइसलँडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी गेल्या महिन्याभरात आपण दारूने झिंगलो होतो असं सांगितलं होतं. २०१६ पर्यंत हा आकडा ५ टक्क्यांवर आला. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. त्यांनी मुलांना व्याख्यानं देण्याचा नाद सोडला आणि भोवतालचं वातावरण बदललं. खेळ, संगीत, नृत्य यांसाठी सरकारी पैसा, रात्री उशिरा मुलांच्या बाहेर राहण्यावर कायद्याने मर्यादा, आणि शाळाशाळांतून पालकांनी एकमेकांशी केलेले लेखी करार : आमच्या घरी मोठ्यांशिवाय पार्टी नाही, अल्पवयीन मुलांना दारू देणार नाही, एकमेकांच्या मुलांवर नजर ठेवू.

सरकारचं काम तुम्हाला जमणार नाही, पण शेवटचं जमेल. मुलाच्या चार जवळच्या मित्रांच्या आईबाबांचे नंबर घ्या आणि काही घडायच्या आधी एकदा बोला. "आमच्या घरी तुमचा मुलगा आला आणि काही वावगं दिसलं तर मी तुम्हाला कळवेन. तुम्हीही मला कळवा, मी रागावणार नाही." सुरुवातीला लिहिलेल्या त्या बाबांनी एवढा एक फोन केला असता तर कळलं असतं की दर शनिवारी मित्राचे आईबाबा घरी नसतात.

मोकळ्या वेळेचं म्हणाल तर क्लास लावून आठवडा गच्च भरणं हा उपाय नाही. त्याचाही ताण होतो. ज्यात मुलाला स्वतःला रस आहे, जिथे त्याची कोणीतरी वाट बघतं, अशी एक तरी जागा हवी.

सहावी पायरी : खुणा वाचताना

लाल डोळे, झोपेची वेळ बदलणं, जुने मित्र अचानक सुटणं, मार्क घसरणं, पैसे कमी पडणं, खोलीत सतत अत्तर किंवा उदबत्तीचा वास. यातली एकेक खूण सुटी घेतली तर ती साध्या वयात येण्याचीही असते. दोन-तीन एकत्र आणि काही आठवडे टिकून असतील तर विचारा, आणि विचारताना आधी नशेबद्दल विचारू नका. "तू गेला महिनाभर हसलेला मला दिसला नाहीस. काय चाललंय?"

कारण खाली बहुतेकदा दुसरंच काही असतं. नैराश्य, घोर चिंता, कधीच न ओळखलेली एकाग्रतेची अडचण, शाळेतला छळ. मूल नशा करतं ती दुखणं बंद पाडायला. दुखण्यावर वेळेत उपचार झाले तर नशेची गरजच बरीचशी गळते. बॅगा उचकटणं आणि घरी लघवीची चाचणी करणं यांच्या मोहात पडू नका. चाचण्या चुकतात, दारू आणि बरेच पदार्थ त्यांतून निसटतात, आणि तुमचं नातं प्रयोगशाळेचं होतं. चाचणी हवीच असेल तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

सातवी पायरी : आणि तरीही झालंच तर

त्या रात्री फक्त जीव वाचवायचा. मूल हलवूनही जागं होत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, अंग गार आणि ओठ निळसर असतील, झोपेत उलटी होत असेल, झटके येत असतील तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. तोवर कुशीवर वळवून ठेवा आणि एकटं सोडू नका. कॉफी पाजणं, गार पाण्याखाली धरणं, उलटी करायला लावणं, यातलं काहीही करू नका. "झोपून उतरेल" म्हणणं सगळ्यात धोक्याचं, कारण बेशुद्ध पडल्यावरही पोटातली दारू रक्तात भिनत राहते. डॉक्टरांना काय घेतलं ते खरं सांगा. लोक काय म्हणतील, ते नंतर.

बोलायचं दुसऱ्या दिवशी, सगळे शुद्धीवर असताना. "का केलंस?" या प्रश्नाला कोणतंच मूल उत्तर देऊ शकत नाही. "कसं झालं ते सुरुवातीपासून सांग" याला देतं. त्यात त्याला काय आवडलं, तेही विचारा. ऐकायला कडू लागेल, पण तिथेच खरं कारण दडलेलं असतं.

एकदाच घडलं असेल तर नियम, शिक्षा आणि जास्त जवळीक यांवर बहुधा निभावतं. पुन्हा पुन्हा घडत असेल, एकट्याने घेत असेल, सकाळी घेत असेल, घरातले पैसे जात असतील, किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा असेल तर थांबू नका. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. मूल यायला तयार नसेल, आणि पहिल्यांदा बहुधा नसतंच, तर तुम्ही एकटे जा. घरातल्या माणसांना बोलण्याची, प्रतिसाद देण्याची पद्धत शिकवून व्यसनी माणसाला उपचारांकडे आणता येतं, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे.

निळ्या ठिपक्याचे ते बाबा पहिले तीन वेळा एकटेच आले. चौथ्या वेळी मुलगा बाहेरच्या बाकावर बसून राहिला, आत आला नाही. पाचव्या वेळी आला.